निळा रंग आणि उतरलेलं पाणी : पट्ट्यावर धार लावताना पोलादाचं काय होतं

गेल्या मे महिन्यात मी एका माणसाची पटाशी जाळली. आग लावून नाही, धार लावता लावता. आणि माझं पीएच.डी.चं काम नेमकं पोलादाच्या टेंपरिंगवर आहे, त्यामुळे ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती.

माझं आजोळ सावंतवाडीजवळ. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्हाला माहीत असतील. चितारआळीत दुकानांच्या रांगा आहेत. त्या खेळण्यांमधली जी जी वस्तू गोल असते, म्हणजे भोवरा, खुळखुळा, लाटणं, पाळण्याचे खांब, ती लेथवर कातलेली असते. लाकूड कातणारा तो कातारी. (सूत कातायचं आणि लाकूडही कातायचंच. दोन्हीकडे काहीतरी गरगर फिरत असतं, एवढं साम्य पुरेसं असावं.) आमच्या आजोळच्या वाडीत असे एक कातारी आहेत, वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याकडची अर्धी हत्यारं त्यांच्या वडिलांनी जुन्या कानशींपासून बनवलेली आहेत.

त्यातल्या एका तिरक्या पटाशीचा आकार पार बिघडला होता. वर्षानुवर्षं सहाणेवर घासून धारेमागचा उतार गोलसर झालेला, टोकाला कपचा उडालेला, आणि कोन इतका जाडा झालेला की ती लाकूड कापायच्या ऐवजी खरवडायची. मी ऐटीत म्हटलं, "आबा, आमच्या वर्कशॉपला बेल्ट ग्राइंडर आहे. दोन मिनिटांत नवा आकार देऊन आणतो." आबांनी पटाशी दिली, पण मूठ काढून घेतली. मूठ त्यांच्या हाताची होती.

वर्कशॉपमध्ये मशीनवर कुणीतरी वापरून सोडलेला १२० नंबरचा पट्टा चढवलेला होता. बदलायचा कंटाळा केला. पट्टा नीट कापेना म्हणून जोर दिला. टोकाशी आधी पिवळसर झाक आली, मग तपकिरी, आणि 'अरे' म्हणेपर्यंत निळी. मी ती निळाई बारीक पट्ट्यावर पुसून टाकली, धार आरशासारखी चमकवली आणि गणपतीला जाताना घेऊन गेलो. आबांनी मूठ बसवली, आंब्याचा एक तुकडा लेथवर चढवला, दहा मिनिटं काम केलं, पटाशीचं टोक नखावर टेकवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी उतारला मा रे तेचा."

मराठीत पोलादाला 'पाणी देणं' म्हणजे तापवून विझवणं, कडक करणं. हे पाणी उतरतं म्हणजे काय, ते बघू. माझ्या थिसिसचं पहिलं प्रकरण या एका वाक्यात मावतं, फक्त तिथे ते चाळीस पानांचं आहे.

कानशीच्या पोलादात साधारण एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. ते लालभडक तापवलं की कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत विरघळतात. पाण्यात विझवलं की लोखंडाला आपली थंड अवस्थेतली रचना घ्यायची असते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून बसतो आणि सगळी जाळी ताणलेली राहते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती काचेसारखी कडक आणि काचेसारखीच ठिसूळ असते. म्हणून तिला परत थोडी ऊब देतात, १५० ते २५० अंश सेल्सिअसच्या आसपास. थोडा कार्बन बाहेर पडतो, ताण कमी होतो, कडकपणा जरासा घटतो आणि चिवटपणा येतो. हेच टेंपरिंग. कानशीचं हत्यार करताना ही पायरी गाळली, तर ते लेथवर तुकडे होऊन अंगावर येऊ शकतं. आबांच्या वडिलांना हे माहीत होतं.

आता ही ऊब जास्त झाली तर? कार्बन आणखी बाहेर पडतो, कार्बाइडचे कण मोठे होतात, पोलाद मऊ पडतं. २०० अंशांवर तासभर ठेवलेलं असं पोलाद रॉकवेल सी मापावर साठच्या आसपास असतं. ३०० अंशांवर ते पंचावन्नच्या घरात येतं, ४०० वर पन्नासच्या. पटाशीची धार कमी कोनाची, पातळ असते. तिला ही घसरण लगेच जाणवते: कड दुमडते, गोल होते.

म्हणजे प्रश्न तापमानाचा. ग्राइंडिंगमध्ये जी ऊर्जा खर्च होते ती जवळजवळ सगळी उष्णता होते. पोलाद घासून एक घन मिलिमीटर काढायला, पट्टा किती धारदार आहे त्यानुसार, दहा ज्यूलपासून कित्येक दहा ज्यूल लागतात. हे खूप आहे की थोडं? माझ्या पटाशीची धार २० मिलिमीटर रुंद आणि कोन ३० अंश धरा. टोकाकडच्या पहिल्या एका मिलिमीटरमध्ये किती पोलाद आहे? पाचरीच्या आकाराचा हिशेब केला तर सहा घन मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढं पोलाद खोलीच्या तापमानापासून ३०० अंशांनी तापवायला सुमारे सात ज्यूल पुरतात. म्हणजे मी पट्ट्यावर एक घन मिलिमीटर पोलाद उडवलं, जे मला डोळ्यांनी दिसणारही नाही, की तेवढ्या उष्णतेत धारेचं वाटोळं होऊ शकतं, जर ती सगळी तिथेच थांबली तर. सुदैवाने बरीचशी ठिणग्यांबरोबर जाते, काही पट्ट्यात जाते, काही पटाशीच्या मागच्या जाड भागाकडे वाहते. पण धारेच्या अगदी कडेला मागे वाहायला वाट अरुंद असते. कोन ६० अंशांचा असता तर त्याच पहिल्या मिलिमीटरमध्ये तिप्पट पोलाद असतं. म्हणून बोथट कोनाची हत्यारं सहसा जळत नाहीत आणि पटाश्या जळतात. तिरक्या पटाशीचं लांब टोक तर सगळ्यात आधी जळतं, कारण तिथे पोलाद दोन बाजूंनी संपतं.

"हाताला गरम लागलं की थांबायचं" हा सल्ला मी वर्कशॉपमध्ये असंख्य वेळा ऐकलाय आणि दिलाही आहे. तो चुकीचा आहे. उष्णतेला पोलादातून सरकायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानुसार वाढतो. कार्बन पोलादासाठी एका सेकंदात ती जेमतेम तीन मिलिमीटर पोचते. तुमची बोटं धारेपासून साठ मिलिमीटरवर असतील तर तिथे खरी ऊब पोचायला मिनिटं लागतात. धार एका सेकंदात निळी होते. बोटाला कळेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. बोट धारेपासून एखाद-दोन सेंटिमीटरवर ठेवलं तर सल्ल्याला थोडा तरी अर्थ येतो. त्यापेक्षा एक थेंब पाणी धारेच्या मागे उताराच्या उलट बाजूला ठेवा. तो उकळायला लागला की हत्यार उचला.

आता रंग. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा हे रंग पोलादाचे नाहीत. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तयार होतो, काही दहा नॅनोमीटर जाडीचा, आणि त्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचे रंग दिसतात तसंच. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर एक तक्ता असतो: फिका पिवळा साधारण २१० ते २२५ अंश, तपकिरी २६० च्या आसपास, निळा ३०० जवळ.

तक्ता खोटा नाही, पण अर्धवट आहे. थर किती जाड होईल हे तापमानावर आणि वेळेवर, दोन्हींवर ठरतं. तक्त्यातले आकडे हळूहळू, मिनिटांच्या हिशेबात तापवताना खरे ठरतात. ग्राइंडरवर निळा रंग एका सेकंदात आला, तर तिथलं तापमान ३०० पेक्षा बरंच वर गेलेलं असतं.

गंमत म्हणजे पाणी उतरणंसुद्धा असंच तापमान-वेळेच्या जोडीवर चालतं. १९४५ साली हॉलोमन आणि जॅफ यांनी त्यासाठी एक सोपा हिशेब मांडला, तो आजही आम्ही वापरतो: केल्विनमधलं तापमान घ्या, त्याला (एक स्थिरांक अधिक तासांमधल्या वेळेचा लॉगॅरिदम) याने गुणा. हा गुणाकार सारखा आला की मऊपणाही सारखा. स्थिरांक पोलादातल्या कार्बननुसार साधारण १५ ते २० च्या दरम्यान बदलतो. मी आबांच्या पटाशीसाठी हा हिशेब केला, अर्थात ती जळल्यावर. २०० अंशांवर तासभर दिलेली ऊब ही एका सेकंदासाठी ३०० ते ३५० अंशांच्या बरोबरीची येते. म्हणजे क्षणभर पिवळी झाक येऊन गेली तर घाबरायचं कारण नाही. त्या पोलादाने तेवढं आधीच सोसलंय. पण एका सेकंदाचे ४२५ ते ४७५ अंश हे तासभर ३०० अंशांवर ठेवल्यासारखं आहे. निळ्याच्या पुढे गेलात की तुम्ही तिथे जाऊन पोचता.

आणि माझी मुख्य चूक इथे होती. मी निळा रंग पुसला. रंग नॅनोमीटरचा, मऊ झालेलं पोलाद मिलिमीटरचं. पुसल्याने पुरावा गेला, गुन्हा तसाच राहिला. निळी झालेली धार वाचवायची असेल तर ती तेवढी मागे घासून, मऊ भाग पूर्ण काढून, कडक पोलादापर्यंत जावं लागतं. तेही न तापवता, नाहीतर तुम्ही तोच खेळ पुढच्या मिलिमीटरवर सुरू करता.

इथे कुणी म्हणेल, माझी गाऊज रोज निळी होते आणि काही बिघडत नाही. बरोबर आहे, ती हाय स्पीड स्टीलची असेल. टेलर आणि व्हाइट यांनी अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये एकोणिसावं शतक संपता संपता या पोलादाची प्रक्रिया बसवली आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लाल तापलेल्या हत्याराने लोखंड कापून दाखवलं. आज बाजारातल्या बहुतेक कातकामाच्या हत्यारांत एम-२ हा प्रकार असतो: सुमारे सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार क्रोमियम, दोन व्हॅनेडियम. याचं टेंपरिंगच ५५० अंशांच्या आसपास करतात आणि तेव्हा ते मऊ व्हायच्या ऐवजी पुन्हा कडक होतं, कारण टंगस्टन-व्हॅनेडियमची अतिसूक्ष्म कार्बाइड्स त्याच तापमानाला तयार होतात. अशा हत्यारावर निळा रंग म्हणजे नुसता रंग. मात्र हे पोलाद फार तापलं असताना एकदम पाण्यात बुडवू नये असं जाणते सांगतात. धारेला बारीक भेगा पडायची भीती असते. कार्बन पोलादाला पाण्यात वारंवार बुडवायचं आणि हाय स्पीडला हवेत थंड होऊ द्यायचं, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कोणतं कुठलं हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ठिणग्या बघा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, टोकाला फुटणाऱ्या, फुलबाजीसारख्या. हाय स्पीडच्या लालसर, मंद, बारीक रेघा, फुलं जवळजवळ नाहीत. मुठीजवळच्या, धारेपासून लांबच्या भागावर अलगद टेकवून बघा. मी आबांच्या पटाशीच्या ठिणग्या बघितल्या होत्या. फुलबाजी छान दिसत होती. अर्थ लावला नाही.

आता पट्टा की चाक? लोक म्हणतात पट्टा थंड चालतो. यात तथ्य आहे, पण कारण समजून घेतलं पाहिजे. आमच्या मशीनचा पट्टा दोन इंच रुंद आणि ७२ इंच लांब आहे. १०० मिलिमीटरचं चाक २८०० फेऱ्यांवर त्याला फिरवतं तेव्हा पट्ट्याचा वेग सेकंदाला साडेचौदा मीटरच्या थोडा वर येतो. पट्ट्यावरचा एक कण सेकंदाला आठ वेळा तुमच्या धारेला भेटतो. त्याच मोटरवर सहा इंची चाक असतं, तर त्याच्या कडेचा प्रत्येक कण सेकंदाला सत्तेचाळीस वेळा भेटला असता आणि वेगही बावीस मीटर असता. पट्ट्याच्या कणाला मध्ये गार व्हायला सहापट वेळ मिळतो.

पण त्याहून मोठं कारण कणांची मांडणी. पट्टा बनवताना विद्युतभारित क्षेत्रात कण उभे करून चिकटवतात, टोकं वर, मध्ये मोकळी जागा. असा कण कापतो. बोथट कण घासतो. कापताना ऊर्जा बारीक चुऱ्याबरोबर उडून जाते, घासताना ती तुमच्या धारेत शिरते. साध्या करड्या चाकाचा बंध घट्ट असतो, झिजलेले कण गळून पडत नाहीत, चाक घोटल्यासारखं गुळगुळीत होतं आणि पोलाद जाळतं. पट्टाही झिजला की हेच करतो. फरक इतकाच की चाक ड्रेस करता येतं, पट्टा फेकावा लागतो, आणि आपल्याला फेकायचं जिवावर येतं. माझ्या मते पट्ट्यावर जळालेल्या हत्यारांपैकी बहुतेक जुन्या पट्ट्याने आणि जोराने जळतात. पट्ट्याला दाबायची वेळ आली की पट्टा बदलायची वेळ आली. सिरॅमिक पट्टे महाग पडतात, पण त्यांचे कण झिजताना बारीक बारीक फुटून नवी टोकं काढत राहतात, म्हणून पोलादासाठी ते परवडतात. (या कणांचं मूळ द्रव्य कुरुंदच, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. इंग्रजांनी कुरुंदाचं नाव तमिळमधून उचललं.)

आकार बदलताना क्रम कसा ठेवायचा, हे मला पटाशी दुसऱ्यांदा घासताना कळलं. पहिल्यांदा मी सरळ उतार घासायला घेतला होता आणि धार शेवटपर्यंत पातळच राहिली. उलट करायला हवं. आधी हत्यार पट्ट्याशी काटकोनात धरून टोकाची बाह्यरेषा हवी तशी घडवायची. कपचा, वाकडेपणा, जळका भाग, सगळं इथेच जातं. यात धार मुद्दाम मारली जाते. तिथे मिलिमीटरभर जाडीची सपाट पट्टी तयार होते, आणि जाड कड उष्णता सहज मागे सोडते. मग उतार घासायचा. ती सपाट पट्टी वरून पाहिलं की प्रकाशात चकाकते. घासत जाल तशी ती चकाकणारी रेघ बारीक होत जाते. केसाएवढी उरली की जाड पट्टा थांबवायचा. उरलेला केस नव्या बारीक पट्ट्यावर, हलक्या हाताने, दर दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात बुडवत. ६० नंबरच्या पट्ट्याचे कण पाव मिलिमीटरहून थोडे मोठे, २४० चे त्याच्या पाचव्या हिश्शाइतके. त्यामुळे जाड पट्ट्याचे ओरखडे राहायला नकोत तर मध्ये १२० ची पायरी घ्यावी लागते.

उतारावर आधी मार्करने काळं फासून एकदा नुसतं टेकवून बघायचं. काळं कुठे पुसलं गेलं त्यावरून कोन जुळलाय की नाही ते लगेच दिसतं. पट्ट्यामागे जिथे सपाट पाटी आहे तिथेच घासा. मोकळ्या पट्ट्यावर पट्टा धारेभोवती वळतो आणि कड गोल करतो. धार पट्ट्याच्या चालीच्या दिशेने ठेवायची, उलट नाही. उलट ठेवली तर टोक पट्ट्यात घुसून तो फाटतो. अशा धरण्याने कडेला बर जास्त येते. स्क्रेपरसाठी ती बर हवीच असते, तीच तर कापते. पटाशीसाठी ती चामड्यावर घासून काढायची. चाकावर उतार आतून खोलगट होतो म्हणून चाक चांगलं, असंही एक मत आहे. सहा इंची चाकावर आठ मिलिमीटरच्या उताराला ती खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी येते. मला तरी त्यासाठी वाद घालावासा वाटत नाही.

एक मात्र विसरू नका. ज्या मशीनवर लाकूड घासता त्याच मशीनवर पोलाद घेणार असाल तर आधी भुसा पूर्ण झाडा, पिशवी काढा. भुशात पडलेली ठिणगी तासभर धुमसत राहू शकते. आणि चष्मा लावा, हातमोजे नकोत.

पटाशी परत आणून मी आमच्या लॅबमध्ये तिच्या बाजूवर कडकपणाच्या खुणा घेतल्या, टोकापासून मागे, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर. टोकाशी खूण मोठी, म्हणजे पोलाद मऊ. तीन मिलिमीटरच्या पुढे खुणा लहान आणि सारख्या. सर शेजारून जाताना थांबले, "हे कुठलं सॅम्पल?" म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, नवा पट्टा माझ्या ग्रँटमधून घे.

साडेतीन मिलिमीटर मागे घासलं. चार बैठकी लागल्या, दोन मिनिटं नाही. दिवाळीत आबांकडे घेऊन गेलो. त्यांनी ती वडिलांच्या बाकीच्या हत्यारांशेजारी लावून लांबी पाहिली, मग मूठ बसवली. त्या संध्याकाळी तिने तीन लाटणी कातली आणि धार टिकली. जाताना आबांनी मला दुसरं एक हत्यार घासायला दिलं. बाजारातून आणलेली हाय स्पीडची गाऊज. कानशीची एकही दिली नाही.